थरथरीच्या मागावर: वाडी, रामटेक, कोंढाळी

रविवार संध्याकाळ, वाडी

"भाऊ, कधी थरथरते, कधी गुमान चालते. मिस्त्रीले दाखवाले आणली का हमखास गुमान." नागपूरजवळच्या वाडीच्या गॅरेजांत ही तक्रार दर आठवड्याला ऐकू येते. ड्रायव्हर खोटं बोलत नसतो आणि गाडीही लहरी नसते. थरथर येण्याच्या अटी ठरलेल्या असतात. गॅरेजच्या दारात गाडी रिकामी, थंड आणि उभी असते, तेव्हा त्या सगळ्या अटी एकत्र जुळत नाहीत. म्हणून तपासणीचा प्रवास ठरवायचा तो अटींप्रमाणे: एका दिवशी एकच गोष्ट बदलायची.

गाडी नेहमीची मालवाहू पिकअप. चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाच गिअर, ताकद मागच्या चाकांवर, मागे पाटे (पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग), गिअरबॉक्सची ताकद मागे नेणारा दोन तुकड्यांचा प्रोपेलर शाफ्ट आणि त्याला मधे टेकू देणारं सेंटर बेअरिंग. टायर 215/75 आर 15. याआधी चाकांचं बॅलन्सिंग झालेलं, पुढचे टायर मागे टाकून झालेले, इंजिनचं फाउंडेशनही (ज्यावर इंजिन टेकतं ते रबर) नवीन बसवलेलं. थरथर जिथल्या तिथे.

रस्त्यावर निघण्याआधी ड्रायव्हरला बसवून विचारायचं आणि उत्तरं कागदावर लिहायची. गाडी रिकामी की भरलेली? वेग किती, गिअर कोणता? हादरा स्टेअरिंगला लागतो, सीटखाली की पायाखालच्या पत्र्याला? पेडल दाबल्यावर वाढतो की सोडल्यावर? सकाळी पहिल्या पाच किलोमीटरला येतो की तासाभराने? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न: हे सुरू होण्याआधी गाडीचं शेवटचं कोणतं काम झालं होतं?

उत्तरांतून एक नव्हे, तीन तक्रारी निघाल्या. रिकाम्या गाडीत सत्तरच्या आसपास केबिन गुणगुणते. भरलेली गाडी उचलताना, म्हणजे जागेवरून पुढे काढताना, पहिल्या-दुसऱ्या गिअरला खालून धडधडते. आणि कधीमधी, कुठल्याही मेळाशिवाय, स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलतं. शेवटच्या कामाचं उत्तर बोलता बोलता आलं: संत्र्याच्या हंगामासाठी मागे दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला होता.

संध्याकाळी उजेड असेपर्यंत दोन आकडे काढून ठेवले. टायरला आणि जमिनीला खडूची खूण करून गाडी चाकाच्या एका पूर्ण फेरीपुरती पुढे ढकलली: 2.15 मीटर. मग पुढच्या चाकांना अटकाव लावून एक मागचं चाक जॅकवर उचललं, दुसरं जमिनीवरच ठेवलं, गाडी न्यूट्रल. उचललेलं चाक हाताने बरोबर दोन फेऱ्या फिरवायचं आणि तेवढ्यात प्रोपेलर किती फिरतो ते मोजायचं. तो आकडा म्हणजेच डिफरन्शियलचा (मागच्या अॅक्सलमधल्या दातेरी चाकांच्या पेटीचा) रेशो. इथे चारला थोडं वर, 4.1.

एवढ्यावर सगळा हिशेब उभा राहतो. ताशी 72 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 20 मीटर. चाक सेकंदाला 9.3 फेऱ्या घेतं, प्रोपेलर 38. पाचव्या गिअरला टॅकोमीटर मिनिटाला 1900 फेरे दाखवतो, म्हणजे इंजिन सेकंदाला साधारण 32 फेरे. चार सिलिंडरमध्ये दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणून इंजिनचा मुख्य ठोका 63. प्रोपेलरचे क्रॉस (वाकणारे सांधे) कोनात असले तर दर फेरीत दोन झटके देतात, म्हणजे 76. सेकंदाला नऊचा हादरा डोळ्यांना दिसतो, स्टेअरिंग हलताना जवळजवळ मोजता येतो. अडतीसचा अंगाला मुंग्यांसारखा लागतो. साठच्या पुढचं हलणं संपून गुणगुणणं सुरू होतं. हा फरक ओळखता आला की निम्मं काम रस्त्यावरच होतं.

सोमवार, रिकामी: वाडी, बाह्य वळण रस्ता, जामठा, बुटीबोरी

सकाळी सहाला, गाडी रात्रभर उभी असताना, टायरची हवा तपासली. गाडी चालल्यावर मोजलेल्या हवेला अर्थ नसतो. टायर तापला की दाब वाढतो आणि कमी हवेचा टायर बरोबर वाटायला लागतो. मागचा डावा 12 पीएसआयने कमी निघाला. चारही टायरची हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे केली.

मग हात फिरवणं. टायरच्या नक्षीवर तळहात हळू आधी एका दिशेने, मग उलट फिरवायचा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर अलाइनमेंट गेलं आहे. ठरावीक अंतरावर खळगे लागले तर शॉक अब्सॉर्बर मेलेला आहे. आणि कुठे फुगवटा लागला, मग तो नक्षीवर असो की बाजूच्या भिंतीवर, तर प्रवास तिथेच थांबवायचा. आतले तारांचे पट्टे सुटले की टायर वीस-तीसच्या वेगालाच लंगडल्यासारखा चालतो, तापल्यावर जास्त. नागपूरच्या उन्हाळ्यात, 45 अंशांत आणि भरलेल्या गाडीत असा टायर फार दिवस साथ देत नाही. रिसोल केलेल्या टायरवर तर हात फिरवल्याशिवाय लांबच्या रस्त्याला लागूच नये. या गाडीचे टायर ठीक होते. चाकांचे नटही पान्ह्याने एकेक पाहिले. सैल नटाचा हादरा हुबेहूब बॅलन्सिंगसारखा वाटतो, पण त्याचा शेवट चाक निघून जाण्यात होतो.

पहिल्या काही किलोमीटरला खालून मऊ धप-धप होती, जामठ्याच्या आत ती नाहीशी झाली. गाडी रात्रभर उभी राहिली की टायरचा जमिनीवरचा भाग चपटा बसतो, गरम झाला की गोल होतो. हा बिघाड नाही. मात्र कमी हवेत तो जास्त जाणवतो, आणि "सकाळी येते, दुपारी जाते" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हाच असतो.

आणखी एक गोष्ट आधीच वेगळी काढावी लागते, ती म्हणजे सिमेंट रस्ता. नागपुरात आता आतले-बाहेरचे बरेच रस्ते सिमेंटचे आहेत. त्यांचे आडवे सांधे साधारण साडेचार मीटरवर असतात. ताशी 80 ला सेकंदाला पाच ठोके लागतात, वेग अर्धा केला तर अडीच. तो ठोका गाडीचा समजून लोक शॉक अब्सॉर्बर बदलतात. डांबरावर आल्याबरोबर थांबला तर तो रस्त्याचा.

वर्धा रस्त्यावर गर्दी संपल्यावर खरी तपासणी. 40 पासून पाच-पाच किलोमीटरने वेग वाढवायचा, प्रत्येक टप्प्यावर अर्धा मिनिट स्थिर ठेवायचा, शेजारी बसलेल्याने लिहायचं. ड्रायव्हरने स्वतः लिहू नये, फोनकडे पाहू नये. 65 पर्यंत काही नाही. 68 ला पायाखालच्या पत्र्यात गुणगुण सुरू, 72 ते 76 ला सगळ्यात जास्त, 80 ला थोडी कमी. स्टेअरिंग मात्र शांत.

पाचव्या गिअरला 72 धरून गुणगुण आणली आणि त्याच वेगाला चौथा टाकला. टॅकोमीटर 1900 वरून 2300 च्या जवळ गेला, गुणगुण तशीच. इंजिन बदललं, हादरा बदलला नाही. म्हणजे इंजिन, क्लच आणि फाउंडेशन या तक्रारीतून बाद. मग मोकळ्या, सरळ पट्ट्यावर 80 वरून न्यूट्रल करून गाडी 55 पर्यंत वाहू दिली. या वेळी चावीला हात लावायचा नाही. इंजिन बंद झालं तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टेअरिंग दोन्हींची मदत जाते. न्यूट्रलमध्ये गुणगुण होतीच, फक्त जरा मंद. पेडल दाबल्यावर वाढते, सोडल्यावर उतरते. वेगाला बांधलेली, गिअरला नाही, आणि ओढीने कमी-जास्त होणारी. चाकाचा असमतोल पेडलचं ऐकत नाही. संशय सरळ प्रोपेलरवर.

फोनमधलं थरथर मोजणारं अॅप इथे कामाचं आहे, पण दोन अटींवर. फोन सीटच्या लोखंडी रुळाला टेपने घट्ट बांधायचा. काचेवरच्या होल्डरमध्ये ठेवला तर तो होल्डरचीच थरथर मोजतो. दुसरं, अॅप सेकंदाला किती नोंदी घेतं ते पाहायचं. 100 नोंदी घेणारं अॅप 50 च्या वरचं खरं दाखवू शकत नाही. 76 चा हादरा त्यात 24 च्या जागी खोट्या सुळक्यासारखा उमटू शकतो. मग 24 ला काय फिरतं हे शोधण्यात दिवस जातो आणि गाडीत 24 ला काहीच फिरत नसतं. नोंदी 200 च्या वर नेल्यावर सुळका 76 ला स्पष्ट आला, 38 ला अगदी छोटा. म्हणजे शाफ्ट वाकलेला किंवा असमतोल नाही (तसं असतं तर दर फेरीला एक झटका, 38 मोठा आला असता). दर फेरीला दोन झटके हे क्रॉसच्या कोनाचं लक्षण.

मंगळवार, एक टन: कामठी, कन्हान, मनसर, रामटेक

वजन नेमकं माहीत हवं, म्हणून सिमेंटच्या 50 किलोच्या 20 गोण्या. रचताना वजन मागच्या अॅक्सलच्या किंचित पुढे येईल असं रचलं. मागच्या फळीला टेकून रचलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंगची तक्रार नव्याने तयार होते.

कन्हानचा पूल ओलांडल्यावर कालचेच टप्पे पुन्हा चालवले. 72, 76, 80: गुणगुण नाही. ड्रायव्हर म्हणाला, "पाहा बाप्पा, आज नाही करत." आज ती करणारच नव्हती. मागे वजन पडलं की पाटे दबतात, अॅक्सल चेसिसच्या जवळ येतो आणि प्रोपेलर सरळ होतो. कोन कमी, झटके कमी. गाडी परतताना रिकामी असली की थरथरते, माल असला की नाही. आणि गॅरेजला येताना कधी अर्धा माल असतो, कधी नसतो. लहरीपणाचा उगम इथे आहे.

दुसरी तक्रार मात्र मनसरहून रामटेककडे वळताना लगेच समोर आली. थांबलेली गाडी उचलताना 10 ते 25 च्या वेगात खालून धडधड. ही क्लचची की प्रोपेलरची, हे ओळखायला गडमंदिराकडे चढणारा रस्ता चांगला. चढावर थांबायचं, हँडब्रेक, पहिला गिअर, आणि क्लच नेहमीसारखा सोडायचा. डावा पाय पूर्ण वर आल्यावर धडधड थांबली तर क्लच: प्लेटवर तेल आलं आहे, फ्लायव्हीलवर जळाल्याचे निळे डाग आहेत, किंवा प्रेशर प्लेट असमान दाबते आहे. असा क्लच तापल्यावर जास्त बिघडतो, म्हणून तो सकाळी साधा आणि दुपारी कॉटन मार्केटच्या गर्दीत हैराण करणारा. पाय पूर्ण वर आल्यावरही धडधड चालू राहिली आणि 25-30 ला विरली, तर क्लच निर्दोष. इथे ती पाय उचलल्यावर चांगली चार-पाच सेकंद चालू होती.

उचलताना टॉर्कमुळे मागचा अॅक्सल उलटा पिळला जातो आणि पिनियनची (प्रोपेलर जोडला जातो त्या डिफरन्शियलच्या दांडीची) नाकाडी वर उठते. पाटे अॅक्सलला आवळणारे यू बोल्ट घट्ट, पाटे जागेवर आणि सेंटर बेअरिंगचं रबर शाबूत असेल तर हे उठणं मर्यादेत राहतं. तिघांपैकी एक ढिलं असेल तर प्रोपेलर मधोमध उड्या मारतो. कोणतं ढिलं आहे ते खाली उतरून पाहिल्याशिवाय कळत नाही.

गडावरून उतरताना ब्रेक. दुसऱ्या गिअरला उतरायचं, पण मधे मधे मुद्दाम ब्रेक लावून पेडल पायाला ढकलतं का ते पाहायचं. डिस्कची जाडी फेरीत कमी-जास्त असेल तर पेडल आणि स्टेअरिंग दोन्ही थरथरतात. मागचा ड्रम अंडाकृती झाला असेल तर पेडल आणि सीट, स्टेअरिंग नाही. खाली येऊन चारही चाकांच्या हबचं तापमान बंदुकीसारख्या इन्फ्रारेड थर्मामीटरने घेतलं. आकडा किती यापेक्षा डावं-उजवं सारखं आहे का ते महत्त्वाचं. एक बाजू दुप्पट गरम निघाली तर ब्रेकचा कॅलिपर किंवा ब्रेकचा सिलिंडर अडकतो आहे. असा ब्रेक पंधरा-वीस किलोमीटरनंतर स्वतः तापून थरथर देतो, चहाला थांबलं की निवतो, आणि पुन्हा "कधी येते, कधी नाही" सुरू होतं. या गाडीत डाव्या-उजव्यात नाव घेण्यासारखा फरक नव्हता.

परतीला वाडीत, गोण्या उतरवण्याआधी, सपाट फरशीवर गाडी उभी करून खालचे कोन मोजून ठेवले. ते गुरुवारी लागणार होते.

बुधवार, अर्धा माल: बाजारगाव, कोंढाळी, काटोल, कळमेश्वर

ऑक्टोबरअखेर, आंबिया बहाराची संत्री निघण्याचा मोसम. अमरावती रस्त्याने कोंढाळीपर्यंत जाताना गाडी शांत. कोंढाळीहून काटोलकडे वळल्यावर एका बागेत कॅरेट भरायला गाडी आत गेली. बागेला पाणी दिलेलं, काळी माती चिकट. चाकं अर्ध्या रिमपर्यंत माखून बाहेर आली.

डांबरावर परत आल्यावर 60 च्या पुढे स्टेअरिंग हलायला लागलं. 75 ला स्पष्ट, सेकंदाला नऊ-दहा वेळा. चौथ्या-पाचव्या गिअरने फरक नाही, पेडलने फरक नाही, न्यूट्रलने फरक नाही. चाकच.

रस्त्याच्या कडेला थांबून पुढच्या रिमच्या आत टॉर्च मारला. बाहेरून चाक बऱ्यापैकी स्वच्छ होतं, बाहेरची माती उडून गेली होती. आतल्या बाजूला, ब्रेकच्या मागे, डाव्या चाकात एका जागी मातीचा गठ्ठा बसला होता. रिमच्या आत साधारण 18 सेंटिमीटरच्या त्रिज्येवर 100 ग्रॅम माती एकाच जागी असेल, तर ताशी 75 ला ती चाकाला जवळपास सात किलोच्या जोराने बाहेर ओढते, आणि हा जोर प्रत्येक फेरीत दिशा बदलतो. वेग अर्धा केला तर जोर चौथाई, म्हणून गावातल्या रस्त्यावर काहीच कळत नाही. दोन-तीन दिवसांत माती वाळते, खड्ड्यात आपटून गळते आणि थरथर आपोआप बरी होते. दरम्यान कोणी बॅलन्सिंग करून घेतलं असेल तर आणखी वाईट: मातीसकट चाक मशीनवर चढवून समोर शिसं ठोकलेलं असतं, माती गळली की ते शिसंच असमतोल होतं. या गाडीच्या उजव्या चाकावर आतून एकाच जागी वजनांची रांग होती. तिचं कारण बहुधा हेच.

स्क्रू ड्रायव्हरने गठ्ठा खरवडला, बाटलीभर पाणी मारलं. डाव्या चाकाचं हलणं गेलं, थोडं उरलं ते उजव्या चाकातल्या शिशाचं. काटोल ते कळमेश्वर ते नागपूर, अर्ध्या मालात, केबिनची गुणगुण नाममात्र. कागदावरच्या नोंदी आता एकमेकींना धरून बोलत होत्या.

पुढचा अॅक्सल अखंड असलेल्या गाड्यांमध्ये एक वेगळा, धोक्याचा प्रकार असतो. खड्डा लागला की साठच्या आसपास पुढची दोन्ही चाकं जोरात फडफडायला लागतात आणि वेग पार उतरल्याशिवाय थांबत नाहीत. तिथे स्टेअरिंगचे भाग तपासायचे: किंग पिन, टाय रॉड एंड, स्टेअरिंग डॅम्पर, या क्रमाने. बॅलन्सिंगने तो तात्पुरता झाकला जातो, जात नाही.

गुरुवार, वाडी, गाडीखाली

घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी टेकू) अॅक्सलखाली लावायच्या, चेसिसखाली नाही. चेसिस उचलली की अॅक्सल लोंबतो, आणि लोंबत्या अॅक्सलचे कोन रस्त्यावरचे नसतात. पुष्कळ ठिकाणी गाडी दोन खांबांच्या लिफ्टवर उचलून कोन मोजतात आणि मग आकड्यांवरून वाद घालत बसतात.

चुंबकाचा डिजिटल कोनमापक वापरून रिकाम्या गाडीत तीन जागा मोजल्या. पुढचा शाफ्ट मागे उतरता 3.0 अंश, मागचा शाफ्ट 8.0, पिनियन 4.5. म्हणजे मधल्या क्रॉसवर 5.0 अंशांचा कोन आणि मागच्या क्रॉसवर 3.5. क्रॉस कोनात फिरला की शाफ्टचा वेग दर फेरीत दोनदा वाढतो, दोनदा घटतो. दुसरा क्रॉस तेवढ्याच कोनात आणि उलट टप्प्यावर असेल तर तो पहिल्याची चूक पुसून टाकतो. दोघांतला फरक एका अंशाच्या आत हवा, आणि प्रत्येक कोन शक्यतो तीनच्या आसपास किंवा खाली. इथे फरक दीड अंश आणि एक कोन पाच. मंगळवारी एक टन माल असताना घेतलेले आकडे: मागचा शाफ्ट 5.0, पिनियन 3.5, म्हणजे 2.0 आणि 1.5. फरक अर्धा अंश. रिकामी थरथरते आणि भरलेली नाही, ते या आकड्यांत आहे.

कोन अगदी शून्यही नको. क्रॉसच्या कपातल्या सुया थोड्या हलत्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर एकाच जागी दाबून खाचा पाडतात.

वाढवलेल्या पाट्याने मागचा भाग उचलला आणि शॅकलचा (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याचा) झोक बदलून पिनियनही फिरवला. यावर सगळ्यांना सुचणारा उपाय म्हणजे पाट्याखाली टेपर प्लेट (पाचर) देऊन पिनियन फिरवणं. या गाडीत दीड अंशाची पाचर दिली असती तर रिकाम्या गाडीत दोन्ही कोन पाच-पाच झाले असते, एकमेकांना पुसलंही असतं. पण पाच अंशांत सेकंदाला 38 फेऱ्या घेणारे क्रॉस लवकर संपतात, आणि भरलेल्या गाडीत तिथे नसलेला एक अंशाचा फरक उभा राहतो. तक्रार जागा बदलते. पाटा काढणं हाच सरळ उपाय होता. तसंही पाटा वाढवल्याने आरसी बुकात लिहिलेली क्षमता वाढत नाही.

पाटा काढताना यू बोल्ट जुन्या मापाचे लावले. जाड थप्पीसाठी घेतलेले लांब बोल्ट पातळ थप्पीवर बसवले की नट आट्याच्या टोकाला जाऊन अडतो. पान्ह्याला घट्ट लागतं, पाटा आत सैलच. डाव्या बाजूचा यू बोल्ट आधीपासूनच अर्धा फेरा सैल निघाला. मंगळवारच्या धडधडीत त्याचा वाटा होता. नट आलटून-पालटून, तिरप्या जोडीने, गाडीचं वजन चाकांवर असताना, मॅन्युअलमधल्या टॉर्कला कसायचे. सेंटर बोल्टचं डोकं अॅक्सलच्या खाचेत बसलं आहे हे हात घालून पाहायचं. बसलं नसेल तर अॅक्सल तिरका राहतो.

दुसरा दोषी सेंटर बेअरिंग. बेअरिंग हाताने फिरवलं तर गुळगुळीत, म्हणून आधी कोणी बदललं नव्हतं. पण ज्या रबरात ते बसतं ते खालच्या अर्ध्या भागात चिरलेलं. लोखंडी सळीने शाफ्ट वर उचलला की चीर उघडी पडत होती. उचलताना शाफ्ट इथेच उड्या मारत होता.

प्रोपेलर उतरवण्याआधी फ्लँज, दोन्ही तुकडे आणि आट्यांच्या सरक्या जोडावर पंचने खुणा केल्या. हे न केल्याने होणारं नुकसान मोठं आहे. सरका जोड एक-दोन दात चुकून बसला की दोन्ही टोकांची योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत राहत नाहीत, आणि एकमेकांना पुसणारे क्रॉस एकमेकांची चूक वाढवायला लागतात. "सेंटर बेअरिंग बदलल्यापासून जास्तच थरथरते" या तक्रारीत पहिल्यांदा हेच पाहावं.

मागच्या क्रॉसच्या एका कपाच्या तोंडाशी विटकरी भुकटी होती. ग्रीस न पोहोचल्याची ही खूण. उघडल्यावर त्या टोकावर सुयांच्या खाचा दिसल्या. दोन्ही क्रॉस बदलले. बसवल्यावर सांधा हाताने सगळ्या दिशांना वाकवून पाहायचा. कुठे अडखळला तर योकच्या कानावर तांब्याच्या हातोडीने हलका ठोका, म्हणजे कप सर्क्लिपला (अडकवणाऱ्या कडीला) जाऊन टेकतात. ग्रीस चारही कपांतून नवं बाहेर येईपर्यंत भरायचं. तीनमधून आलं आणि चौथ्यातून नाही, तर तो चौथाच उद्याचा बिघाड.

शाफ्टचा बाक डायल गेजने मधोमध 0.3 मिलिमीटर, चालेल. वजनांचे ठोकळे जागेवर. कुठे ठोकळा गळला असता तर तिथे वेल्डिंगचे दोन ठिपके आणि स्वच्छ पत्रा दिसला असता. तसं काही दिसलं असतं तर शाफ्टला होज क्लिप लावून तिचा स्क्रू पाव-पाव फेरीने फिरवत रस्त्यावर चाचणी घेता येते. ज्या जागी हादरा सगळ्यात कमी, तिथे वजन हवं. फोनवर 38 चा सुळका छोटा होता, म्हणून इथे त्याची गरज पडली नाही.

पुढची दोन्ही चाकं धुऊन, जुनी शिशाची वजनं सगळी काढून, नव्याने बॅलन्स केली. मशीनवर चढवताना रिम मधल्या भोकावर नीट केंद्रित झाली की नाही ते तपासायला चाक सोडून, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवलं; आकडा बदलला नाही. बदलला असता तर चाक नव्हे, बसवणं चुकलं.

शुक्रवार, शिवमडका आणि परत

दुरुस्तीनंतरचे आकडे, रिकामी गाडी: मागचा शाफ्ट 6.0, पिनियन 3.5. कोन 3.0 आणि 2.5.

सकाळी आधी तोच सोमवारचा बुटीबोरीचा रस्ता, तेच टप्पे, फोन त्याच रुळाला. 76 चा सुळका पायथ्याच्या गोंधळात मिसळून गेला. कानाला, पायाला काही नाही. मग शिवमडक्याहून समृद्धी महामार्गावर. मालवाहू गाडीला तिथे ताशी 80 ची मर्यादा आहे, आणि एवढा लांब, सरळ, कमी वाहतुकीचा रस्ता स्थिर वेगाच्या चाचणीला जवळपास दुसरा नाही. सिमेंटचे ठोके येतात, पण ते पाचचे. ओळखून बाजूला ठेवता येतात. 60 ते 80 च्या मधे नवीन काही उमटलं नाही. ताडपत्री बांधून एकदा, सोडून एकदा असंही चालवलं, कारण सैल ताडपत्रीचं फडफडणं हौद्यातून केबिनमध्ये उतरतं आणि उगाच शाफ्टवर आळ येतो.

दुपारी पुन्हा एक टन भरून चढावर उचलून पाहिली. धडधड गेली. पहिल्या गिअरला उचलताना एक हलका 'टक' राहिला, तो डिफरन्शियलच्या दातांमधल्या सवडीचा. थरथरीशी त्याचा संबंध नाही.

उभ्या गाडीत, इंजिन मंद चालताना, केबिनला किंचित कंप होता. फाउंडेशन नवीन बसवलं तेव्हा इंजिन जॅकने एका बाजूला उचललेल्या अवस्थेत बोल्ट कसले असावेत. रबर पिळलेलं राहतं. चारही बोल्ट सैल करून, इंजिन दोन मिनिटं मंद चालवून, त्याला आपल्या जागी बसू देऊन पुन्हा कसले आणि कंप उतरला.

ड्रायव्हरला कागदावर लिहून दिलं: चाकांचे नट 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा कसणे, यू बोल्ट 300 ते 500 नंतर, आणि बागेतून बाहेर आल्यावर रिमच्या आतून पाणी मारणे.